पहिल्या ओळीचा आकडा

मी टायपिंगचं दुकान चालवतो असं सांगितलं की आजकाल लोक जरा कीव आल्यासारखं बघतात. मोबाइलसमोर बोललं तरी मराठी अक्षरं उमटतात, मग दुकानात कोण येणार, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. पण बोलून उमटलेला मजकूर सरळ वाहत जातो. त्याला मुद्दे पाडायचे, मुद्द्यांना नंबर द्यायचे, नंबरांच्या पोटात पोटनंबर द्यायचे म्हटलं की तोच मोबाइल घेऊन माणूस माझ्या टेबलासमोर उभा राहतो. मंठ्याला तहसीलच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. टायपिंग हे पाटीवर लिहिलेलं काम. माझं खरं काम नंबर लावायचं.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॉम्प्युटरवर यादी करताना नंबर दोन तऱ्हेने पडतो. एक हाताने टाकलेला. तुम्ही सात लिहिलं की तो सातच राहतो, वरची ओळ काढा नाहीतर खाली दहा ओळी वाढवा. दुसरा ऑटो नंबर. तो तुम्ही लिहीतच नाही. मशीन ओळी मोजतं आणि ज्या ओळीचा जो नंबर येईल तो समोर दाखवतं. मधली एक ओळ काढली की खालचे सगळे गुपचूप एकेक वर सरकतात. कोणी ओरडत नाही, खूण राहत नाही. कागद पहिल्यासारखाच नीटनेटका दिसतो.

लोकांना या ऑटो नंबरची भीती वाटते. आष्टीचे एक गुरुजी स्वतः प्रश्नसंच टाइप करून आणायचे. एकदा म्हणाले, "हा आकडा पुसू म्हटलं तर पुसला जात न्हाई. कर्सर त्याच्यापाशी जाऊनच राह्यला न्हाई. काय आहे काय त्याच्यात?" मी सांगितलं, गुरुजी, त्याच्यात काहीच नाही. तो तिथे नाहीच. आरशातल्या माणसाला हात लावायला गेल्यासारखं आहे. ते हसले, पण पुढच्या वेळीही सगळे आकडे हातानेच टाकून घेऊन आले आणि प्रश्न अकरा दोनदा आला होता.

दुसरी एक गोष्ट मला शिकायला फार वेळ लागला. ऑटो नंबर जाड करायचा, लहान करायचा, मराठीत आणायचा, तर नंबराकडे बघून उपयोग नसतो. ओळीच्या शेवटी एक न दिसणारी खूण असते, एंटर मारल्याची. ती जशी असेल तसा नंबर दिसतो. म्हणजे सुरुवातीचा दोष शेवटाला जाऊन दुरुस्त करायचा. भोकरदनहून एक वकील येत. त्यांच्या अर्जात परिच्छेदांचे सगळे नंबर काळेभोर आणि एकच फिकट. त्यांनी प्रिंटर बदलायची तयारी केली होती. मी त्या ओळीच्या शेवटी जाऊन एक बटण दाबलं आणि पाच रुपयेसुद्धा मागितले नाहीत. माझी बायको म्हणते, अशाने दुकान चालत नसतं. तिचं बरोबर आहे. ती असंही म्हणते की घरातल्या किराण्याच्या यादीला पोटनंबर घालणारा माणूस तिने दुसरा पाहिला नाही. डाळी हा मुद्दा तीन आणि तूर, मूग, हरभरा हे त्याच्या पोटात, यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

पण सांगायची गोष्ट उस्मानचाचांच्या यादीची आहे.

आमच्या भागातल्या एका धान्यबाजारात मापाडी लोकांचं मंडळ आहे. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मापाडी म्हणजे बाजारात आलेला माल मोजून देणारा माणूस. पूर्वी पायलीने मोजायचे, मग तराजू आला, आता इलेक्ट्रॉनिक काटा. उस्मानचाचा मंडळाचे मुकादम. पांढरी दाढी, खिशात नेहमी जवस-बडीशेप आणि बोलणं ठणठणीत. बाजाराच्या कार्यालयाने सगळ्या मापाड्यांना नवे बिल्ले द्यायचं ठरवलं आणि मंडळाकडे नावांची यादी मागितली. बिल्ल्याशिवाय आवारात मापाला उभं राहता येणार नव्हतं. ती यादी करायला चाचा माझ्याकडे आले.

मी ऑटो नंबर लावला. समोर एक आला. चाचा म्हणाले, "तिथं नाव न्हाई लिहायचं. तिथं लिहा, बरकत."

"चाचा, हा माणूस कोण?"

"मानूस न्हाई हो भाऊ! तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे ना? रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हनता का तुम्ही?"

तेव्हा मला आठवलं. आमच्याकडे खळ्यावर पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. कुठे लाभ म्हणतात, कुठे बरकत. बरकत, दोन, तीन, असं पुढे. पहिलं माप वरच्या देणाऱ्याचं, त्याला आकडा लावायचा नाही. मापाड्यांनी तीच रीत आपल्या यादीला लावली होती. ज्येष्ठतेने नंबर, पण पहिला नंबर कोणालाच नाही. सगळ्यात जुने नामदेवबापू, ते दोन. चाचा तीन. कोणी काम सोडलं किंवा वारलं की खालचे एकेक वर सरकतात आणि नवीन येणारा शेवटी लागतो. शेवटचे नंबर चोवीस आणि पंचवीस. चोवीस कैलास, तो जालन्याला कारखान्यात लागला होता आणि त्याने मापाचं काम सोडलं होतं. पंचवीस शाहीन.

शाहीनचे वडील गफूरभाई याच बाजारात मापाडी होते. ते वारले तेव्हा घरात मायलेकी दोघीच. शाहीन बारावीपर्यंत शिकलेली, काटा चालवायला येत होता, आकडे टिपायला हात पक्का. मंडळात बाई घ्यायची की नाही यावर बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी घ्यायची ठरली. कार्यालयाने बिल्ला दिला की तिचं नाव पक्कं होणार होतं. सोयाबीन बाजारात यायच्या आत बिल्ला मिळाला तर हंगाम तिच्या हाती, नाहीतर तोंडावरचा हंगाम गेला.

यादीबरोबर पत्र द्यायचं होतं. चाचांनी सांगितलं, "लिहा. नंबर चोवीसनी काम सोडलं, त्याचं नाव कमी करावं. नंबर पंचवीसला नवा बिल्ला द्यावा."

मी म्हणालो, "चाचा, नंबराबरोबर नाव पण टाकू."

"कशाला? आमच्यात नावानं कोन बोलतं? बाजारात 'नामदेव' अशी हाक मारली तर चार लोकं वळतील. 'दोन नंबर' म्हटलं की एकच वळतो."

हे खरं होतं. त्यांच्यातले लोक एकमेकांना नंबरानेच हाक मारतात. सात नंबरच्या पोरीचं लग्न आहे, अकरा नंबरला ताप आहे, असं. चाचांनी लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा नंबर टाकून घेतलेले मी पाहिले आहेत. मी आणखी एकदा म्हणून पाहिलं. चाचांनी हात हलवला आणि मी पत्र त्यांच्या म्हणण्याप्रमाणे केलं. कागद दिला, आणि कार्यालयाला फाइल लागते म्हणून फाइलही मेलवर पाठवली.

काही दिवसांनी चाचा आले ते न बसताच बोलले. "भाऊ, घोटाळा झाला. बिल्ल्याच्या यादीत कैलासचं नाव आलं अन् शाहीनचं कटलं."

त्यांच्यामागे शाहीन उभी होती. डोक्यावर ओढणी, हातात कार्यालयाने दिलेली यादी. तिने ती माझ्यासमोर ठेवली. मी वरून खाली बोट फिरवलं आणि पहिल्या दोन ओळींतच काय झालं ते दिसलं. नामदेवबापू एक झाले होते, चाचा दोन. बरकत कुठेच नव्हती.

कार्यालयातल्या साहेबांनी फाइल उघडली असणार. पहिल्या ओळीत माणसाचं नाव नाही, म्हणून ती ओळ काढली असणार. त्यांच्या जागी मी असतो तर मीही काढली असती. ओळ गेली तसे खालचे सगळे ऑटो नंबर एकेक वर सरकले. कैलास चोवीसचा तेवीस झाला आणि शाहीन पंचवीसची चोवीस. पण पत्रातले आकडे हाताने लिहिलेले. ते जागचे हलले नाहीत. पत्र म्हणत होतं, चोवीस नंबर कमी करा. साहेबांनी चोवीस नंबर कमी केला. पत्र म्हणत होतं, पंचवीसला बिल्ला द्या. पंचवीस यादीत नव्हताच.

मी हे सगळं दोघांना कागदावर रेघा मारून दाखवलं. चाचा खुर्चीत बसले. शाहीनला पहिल्याच रेघेत कळलं होतं.

"म्हंजी मला कोनी काढलं न्हाई," ती म्हणाली.

"कोणीच नाही काढलं."

"मंग घालायला पन सोपं असंल."

तिला वाटलं तेवढं सोपं नव्हतं. आम्ही तिघं कार्यालयात गेलो. साहेब मध्यम वयाचे, शांत. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि स्वतःच म्हणाले, "नावासकट पत्र आणा, मी कैलासचं नाव काढतो, हिचं घालतो. त्यात काही अवघड नाही. अवघड ते पहिल्या ओळीचं आहे."

त्यांनी त्यांचा स्क्रीन आमच्याकडे वळवला. बिल्ल्यांची यादी एकपासूनच सुरू होत होती आणि प्रत्येक ओळीत नाव भरल्याशिवाय ती पुढे जात नव्हती. "मी दोनपासून यादी दिली तर वरून विचारतील, एक नंबरचा मापाडी कुठाय? मी काय सांगू, बरकत म्हणून आहेत, आज आल्या नाहीत?"

चाचासुद्धा हसले.

"एक नंबरला कोणाचं तरी नाव द्या," साहेब म्हणाले. "नाहीतर आत्ता आहे तसे सगळे एकेक वर सरका. मंडळाने ठरवून सहीचा कागद आणला की त्याच दिवशी सगळे बिल्ले छापायला देतो. तोवर कोणाचाच देत नाही."

म्हणजे आता शाहीनचा बिल्ला नामदेवबापूंवर अडला. ते एक नंबर व्हायला तयार झाले तर प्रश्न मिटत होता.

मंडळाची बैठक बाजारातल्या लिंबाखाली भरली. मला बोलावलं होतं, कारण ठरेल ते लगेच टाइप करून द्यायचं होतं. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन एका पोत्यावर बसलो.

नामदेवबापू उंच, वाकलेले, हातात काठी. उभं आयुष्य त्यांचं मापात गेलेलं. चाचांनी त्यांना समजावून सांगितलं. बापूंनी ऐकलं आणि म्हणाले, "न्हाई."

"बापू, कागदावरच हाय."

"कागदावर असू दे न्हाईतर पाटीवर असू दे. मी एक व्हनार न्हाई. पहिलं माप माझं न्हाई. उभ्या जन्मात म्या तोंडातून एक काढला न्हाई अन् आता गळ्यात घालून हिंडू?"

सात नंबर म्हणाला, "मंग चाचा, तुम्ही व्हा."

चाचा म्हणाले, "बापू दोन राहनार अन् मी त्यांच्या वर जाऊ? काय बोलून राह्यला तू?"

मग प्रत्येकाने प्रत्येकाला सुचवलं. हसणं झालं, चिडणं झालं. कोणीतरी म्हणालं, कार्यालयातल्या साहेबांनाच एक नंबर देऊ. कोणी म्हणालं, कैलासचं नाव आहेच, त्याला चोवीसवरून उचलून एकवर टाका, तो कुठे येतोय बघायला. मी म्हणालो, जो काम करत नाही त्याच्या नावाने बिल्ला घेता येणार नाही, मी तसं टाइप करणार नाही. सगळे माझ्याकडे वळले. एक जण म्हणाला, "तुम्हीच व्हा मंग."

मला माझ्या परीने जे येत होतं तेही मी सांगून पाहिलं. यादी दोनपासून सुरू करता येते, मशीनला तसं सांगता येतं. पण ते माझ्या मशीनचं. साहेबांच्या मशीनला ते चालत नव्हतं. तिथे माझी विद्या संपली.

शाहीन एवढा वेळ बाजूला काट्यापाशी उभी होती. बैठकीत ती बोलत नसे. ती पुढे आली आणि म्हणाली, "चाचा, मला टाका एकवर."

सगळे एकदम बोलायला लागले. काल आलेली पोर बापूंच्या वर? चौदा नंबर तर उठून उभाच राहिला. "पाळी नंबरानं लागते. सकाळचा पहिला ढीग हिला द्यायचा का?"

"पाळी शेवटचीच द्या," शाहीन म्हणाली. "मी कुठं पाळी मागून राह्यले? मला बिल्ला पाह्यजे. त्याच्यावर आकडा कोन्ता का असंना."

चौदा नंबर बसला. पण बापू तिच्याकडे बघत होते. ते रागावले असतील असं मला वाटलं होतं. त्यांचा आवाज उलट खाली आला.

"पोरी, तुला कळत न्हाई. पहिलं माप आपलं नसतंय. ते अंगावर घेऊ ने. तुझ्या बापानं पन कधी घेतलं न्हाई."

"बापू, अब्बांनी पायलीनं मोजलं. मी काट्यावर मोजते. काट्यावर एक येतच न्हाई."

"म्हंजी?"

"तुम्ही या बरं."

तिने बापूंना काट्यापाशी नेलं. काटा चालू केला. लाल आकड्यात शून्य उमटलं. तिने तिथलं एक भरलेलं पोतं दोघांना उचलून ठेवायला लावलं. आकडे धावले आणि एकसष्टवर थांबले.

"शून्य. मंग एकसष्ट. मधी एक कुठंय, सांगा?"

बापूंनी काट्याकडे वाकून पाहिलं. पोतं काढायला लावलं. शून्य. पुन्हा ठेवायला लावलं. एकसष्ट. मग काठी टेकत परत लिंबाखाली आले, बसले आणि चाचांना म्हणाले, "पाळी शेवटची."

"बराबर," चाचा म्हणाले.

"अन् म्या दोन."

"बिलकुल."

"मंग लिहा."

मी तिथेच नवी यादी उघडली. पहिल्या ओळीत शाहीनचं नाव लिहिलं आणि एंटर मारला. दोन आपोआप आला. नामदेवबापूंचं नाव. तीन, चाचा. पुढचे सगळे आपापल्या जुन्या नंबरावर येत गेले, कोणालाच जागचं हलावं लागलं नाही. कैलासचं नाव गेलं, यादी तेवीसवर संपली. मी ती नेहमीप्रमाणे दोनदा मोजली. पत्रात प्रत्येक नंबरापुढे नाव लिहिलं आणि या वेळी चाचांनी ते लिहू दिलं. पाळी शेवटची, हेही एका ओळीत लिहिलं. ती ओळ मला आवडली नव्हती. पण ती टाइप करायला सांगणारी शाहीनच होती आणि तिला काय हवं आहे हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

साहेबांनी यादी घेतली. मशीनने ती निमूट घेतली. सोयाबीनच्या आधी बिल्ले आले.

इतकी वर्षं नंबर लावून मला एवढं कळलं आहे की ऑटो नंबर वाईट नाही आणि हाताचा नंबरही वाईट नाही. एकाच कामात दोन्ही आले आणि त्यांची गाठ घालून दिली नाही, की कोणीतरी मधल्यामध्ये गळतं. आता मी अशी कामं करताना पत्रातला नंबरही यादीतल्या नंबराला बांधून टाकतो, म्हणजे यादी हलली की पत्रही हलतं. गिऱ्हाइकाला हे दिसत नाही, त्याचे मी वेगळे पैसे घेत नाही आणि बायकोला सांगतही नाही. वाईट एका गोष्टीचं वाटतं. हे कोणाला शिकवावं असं वाटतं, पण शिकायला कोणी येत नाही. टायपिंगचा वर्ग मी केव्हाच बंद केला.

त्या हंगामात माझंही थोडं सोयाबीन होतं. मी ते मुद्दाम त्याच बाजारात नेलं. ढीग लागला तेव्हा पाळी कोणाची ते मी विचारलं नाही. सकाळ उलटून गेली होती, मापाडी एकेक करून दुसरीकडे गुंतले होते आणि शाहीन काटा ओढत माझ्या ढिगाकडे आली. ओढणीवर बिल्ला लावलेला. तिने मला ओळखलं, पण कामाच्या वेळी बोलायची तिची पद्धत नाही. मान हलवली आणि काटा सपाट जागी नीट बसवला.

नामदेवबापूंचं माप आटोपलं होतं. ते काठीवर भार देऊन शेजारी येऊन उभे राहिले. हमालांनी पहिलं पोतं काट्यावर ठेवलं. आकडे धावले आणि थांबले. शाहीनची पेन्सिल कागदावर टेकली होती, पण ती लिहीत नव्हती. बापूंकडे बघत होती.

"बरकत," बापू म्हणाले.

मग तिने अठ्ठावन्न लिहिलं आणि दुसरं पोतं ठेवायला सांगितलं.